तिबार साहेब

‘जेवलास का?’ हा प्रश्न त्यांनी मला तीनदा विचारला नाही असा कामाचा एकही दिवस मला आठवत नाही. पहिल्यांदा विचारलं की मी ‘हो साहेब’ म्हणायचो. मग ते फाईल चाळायचे, चष्मा पुसायचे आणि आत्ताच सुचल्यासारखं पुन्हा विचारायचे. दुसऱ्यांदाही ‘हो’. तिसऱ्यांदा मात्र हातातलं काम ठेवून, माझ्याकडे बघत विचारायचे आणि मी जेवलेलो नसलो तर तेव्हा ‘नाही’ निघून जायचं. मग त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे यायची. बाहत्तर सालची गोष्ट आहे. भाकरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची असायची, घसा खरवडत खाली उतरायची. मी ती खायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘हो साहेब’ म्हणायचो.

भिंगारच्या पुढे, लष्कराच्या हद्दीजवळ आमचा कारखाना होता. विहिरींवर बसवायचे पंप आम्ही बनवायचो. मी टाइम ऑफिसात कारकून होतो, तोही कच्चा. दर तीन महिन्यांनी माझी मुदत संपायची आणि दर तीन महिन्यांनी आईचा जीव टांगणीला लागायचा. माझ्या टेबलाच्या पलीकडे, फळकुटाच्या आडोशाला ते बसायचे. दारावर ‘कामगार कल्याण अधिकारी’ अशी पाटी होती. पाचशे कामगार झाले की असा अधिकारी ठेवायचा हा सरकारचा कायदा. आमचे शेठ बरीच वर्षं चारशे नव्वदच्या आसपास घुटमळत राहिले. शेवटी पंपांना मागणी इतकी वाढली की नाइलाज झाला आणि हे आले. कारखान्याच्या भिंतीला वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात ना, तशी शेठनी यांची नेमणूक केली होती. इन्स्पेक्टर आला की दिसल्या म्हणजे झालं.

पण ही बादली भिंतीवर टिकेना. सकाळी भोंगा व्हायच्या आत ते फाटकावर उभे असायचे. उंच, काटकुळे, डोक्याला काळी टोपी. कोटाच्या एका खिशात आयोडीनची बाटली आणि दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. खरचटलेल्या हाताला आयोडीन आणि उतरलेल्या तोंडाला शेंगदाणे, असा त्यांचा साधा हिशेब. महिन्याच्या पहिल्या दिवशी ते कामगारांना भंगाराच्या काट्यावर उभं करून वजनं घ्यायचे आणि मी ती वहीत लिहायचो. लोखंड मोजायच्या काट्यावर माणसं उभी केलेली बघून मॅनेजर हसायचे. कामगारही हसायचे. त्या वर्षी पाऊस गेला, तशी वजनं महिन्यामागून महिना उतरत गेली आणि काट्यावर चढताना हसणारं कुणी राहिलं नाही.

आणि ते तीनदा विचारणं. ‘दुखतंय का?’ ‘झोप झाली का?’ ‘बायकोला बरं आहे का?’ काहीही असो, तीनदा. आमचे बहुतेक कामगार पूर्वेकडच्या कोरड्या भागातले, पाथर्डीकडचे. दुबार आणि तिबार पेरणी त्यांनी जन्मभर पाहिलेली. त्यांनी आठवड्याभरात नाव ठेवलं, तिबार साहेब.

या खोडीचं मूळ त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. आधी ते सोलापूरकडे एका गिरणीत होते. तिथल्या एका कामगाराचा हात सुजलेला त्यांना दिसला. दुखतंय का विचारलं, तर तो म्हणाला नाही. यांनी मान हलवली आणि पुढे गेले. चार दिवसांनी त्याचा हात कोपरापासून कापावा लागला. ‘गरीब माणूस पहिल्यांदा भीतीनं उत्तर देतो, दुसऱ्यांदा सवयीनं,’ ते म्हणाले होते. ‘खरं काय ते तिसऱ्यांदा बाहेर येतं.’ मला ते फार पटलं होतं. बावीस वर्षांचा होतो मी. कुणी ठासून सांगितलं की पटायचं.

दुष्काळाच्या त्या हिवाळ्यात ते वजनांची वही घेऊन शेठकडे गेले. म्हणाले, कारखान्याच्या आतली माणसं वाळत चालली आहेत, एक वेळचं जेवण द्या. शेठनी वही चाळली. शेठ काही वाईट माणूस नव्हता. नुकतेच ते पुण्याला कुठल्याशा सभेला जाऊन आले होते आणि उद्योगपतींनीही समाजाचं देणं फेडलं पाहिजे हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. पण समाज म्हटला की तो कारखान्याच्या भिंतीबाहेर असतो, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी ठरवलं, पूर्वेकडचं एक गाव घ्यायचं, तिथली आटलेली विहीर खोल करायची आणि वर आपला पंप बसवायचा. आपला पंप, आपली माणसं. भाडोत्री वडार लावायचे नाहीत, कामगारांनीच सुट्टीच्या दिवशी श्रमदान करायचं. फोटोग्राफर नगरहून येईल.

जेवण मागायला गेलेले साहेब विहीर घेऊन परत आले, आणि तरी खूश होते. मला ते आजही नीट समजलेलं नाही. कल्याण म्हणजे मोऱ्या, मुताऱ्या आणि कँटीनच्या कपबश्या, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कारखान्यानं दुसऱ्या कुणासाठी काही करावं, आणि ते आपल्या हातून व्हावं, याची त्यांना आतून हौस असावी. त्या दिवशी त्यांनी मला दोन मुठी शेंगदाणे दिले.

मॅनेजर व्यवहारी होते. ते म्हणाले, कशाला घोळ घालता, त्या दिवसाची ड्यूटी लावून टाका, हजेरी मांडा, येतील गुमान. साहेब चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ‘हुकमानं केलं तर ते दान कसलं?’ ते म्हणाले. ‘ज्याच्या मनात असेल तोच येईल. मी प्रत्येकाला स्वतः विचारीन.’ मॅनेजरांनी खांदे उडवले. हजेरी नको म्हणतोय तर त्यांचं काय जात होतं?

मग आम्ही दोघं कामगारांच्या खोल्यांमधून फिरलो. पुढे साहेब, मागे कागदांचा गठ्ठा आणि शाईचं पॅड घेऊन मी. कागदावर मीच लिहिलेला मजकूर होता, ‘मी माझ्या राजीखुशीने श्रमदानास येत आहे.’ खाली अंगठा. काही जण आनंदानं तयार झाले. त्यांची गावं त्याच बाजूला होती. काहींनी सरळ नाही म्हटलं आणि आतून कडी लावून घेतली. त्यांना तिसऱ्यांदा विचारायची वेळच आली नाही.

सोपान मोल्डिंग खात्यातला. साच्यात लोखंडाचा रस ओतणारा, बुटका, कमी बोलणारा. खोलीच्या दारात उकिडवा बसून तो गळक्या घागरीच्या तळाला डांबर लावत होता. मागे त्याची बायको हौसाबाई दोन पोरांना घेऊन उभी होती. साहेबांनी विचारलं, येतोस का. सोपान उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘न्हाई साहेब. सुट्टीच्या दिशीच टँकर येतो. पानी भराय मानूस लागतं.’

टँकर किती वाजता येतो, घागरी किती आहेत, असं साहेब काहीबाही बोलले. मग पुन्हा विचारलं. सोपाननं बायकोकडे बघितलं आणि नंतर खाली बघितलं. ‘न्हाई जमायचं जी,’ तो म्हणाला.

तिसऱ्यांदा साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. ते नेहमी असंच करायचे, माणसाकडे नीट बघता यावं म्हणून. त्यांच्या मनात काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण सोपाननं काय पाहिलं? कोटातला एक साहेब आपल्या दारात उभा आहे, टोपी काढतो आहे आणि तिसऱ्यांदा विचारतो आहे. साहेब लोक ‘नाही’ ऐकायला तीन वेळा विचारत नसतात. सोपान म्हणाला, ‘व्हय.’

साहेबांचा चेहरा उजळला. मी पॅड पुढे केलं, सोपाननं अंगठा उठवला. वाटेत साहेब मला म्हणाले, ‘बघितलंस? मनातलं शेवटी निघतंच.’ मी मान हलवली. कागदावर तिसरं उत्तर होतं. पहिली दोन लिहायला कागदावर जागाच नव्हती.

विहिरीवरचा तो दिवस मी फार सांगणार नाही. उघडंबोडकं गाव, बाभळीशिवाय सावली नाही. दगड उपसायला यारी लावली होती. खाली चौघं बादली भरायचे आणि वर सहा जण दांडा फिरवून ती ओढून घ्यायचे. वडार पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. बादली वर चालली की खालच्यानं कड धरून उभं राहायचं हे त्यांच्या पोरालाही ठाऊक असतं. आमची माणसं ओतकामाची. साच्यात रस ओतताना मान वर करायची नसते, नजर हलली की पाय गेला. ती त्यांची सवय. साहेब वरती पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होते. दुपारी यारीचा दोर तुटला. भरलेली बादली खाली आली तेव्हा तिघं भिंतीला चिकटले होते. सोपान मान खाली घालून दगड गोळा करत होता.

त्याला जीपमध्ये घालून नगरला नेलं. साहेब त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखं विचारत होते, दुखतंय का. भिंगारच्या अलीकडेच तो गेला. त्यानंतरही साहेब एकदा विचारून गेले.

आता प्रश्न एवढाच होता, आणि त्यावर एका बाईचं आणि दोन पोरांचं सगळं अवलंबून होतं. सोपान कारखान्याच्या हुकमानं विहिरीत उतरला होता की स्वतःच्या मर्जीनं? हुकमानं असेल तर तो कामावरचा अपघात. मग भरपाई, हौसाबाईला कँटीनमध्ये जागा आणि राहती खोली तिच्याकडे. मर्जीनं असेल तर सुट्टीच्या दिवशी एक माणूस विहिरीत जखमी होऊन मेला, कारखान्याचा काय संबंध? हजेरीच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी सुट्टी होती, माझ्याच हातानं मांडलेली. आणि राजीखुशीचा कागद होता. दोन्ही गोष्टी साहेबांच्या आग्रहामुळे. मॅनेजरांचं ऐकून ड्यूटी लावली असती तर बाई उघड्यावर आली नसती. ते दान निखळ राहावं म्हणून साहेब भांडले होते.

नगरहून कामगार खात्याचा अधिकारी चौकशीला येणार हे कळलं. आदल्या दिवशी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. त्याआधी कधी दिली नव्हती. चहा आला. त्यांनी धमकी वगैरे काही दिली नाही. ‘तुला खोटं बोलायचं काही कारण नाही,’ ते म्हणाले. ‘आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावं. माणसाला सगळं कुठं आठवतं?’ मग विषय बदलून म्हणाले, मला कायम करण्याचा कागद बरेच दिवस पडून आहे, तो या महिन्यात करून टाकू. मी चहा संपवला. चहा चांगला होता, हेसुद्धा मला आठवतं.

चौकशीत सगळ्यांत आधी साहेबांना बोलावलं. मी भिंतीशी उभा होतो. अधिकाऱ्यानं कागद पुढे केला आणि विचारलं, हा अंगठा त्यानं राजीखुशीनं दिला ना? ‘हो’ म्हटलं असतं तर साहेबांना झळ लागली नसती. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

‘तो दोनदा नाही म्हणाला होता,’ ते म्हणाले. ‘मी तिसऱ्यांदा विचारलं, म्हणून हो म्हणाला. दुखतंय का हे तीनदा विचारावं. येतोस का हे एकदाच विचारायचं असतं. मला ते कळलं नाही. तो माझा हुकूम होता, असं लिहा.’

मॅनेजर केबिनच्या खिडकीबाहेर बघत होते. साहेबांनी आपल्या हातानं दोष आपल्याच नावावर लावून घेतला होता. हात दाखवून अवलक्षण, असं नंतर मॅनेजर म्हणाले. अधिकारी माणूस सभ्य होता. त्यानं विचारलं, याला साक्षीदार कोण? साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. किती भरवशानं केलं. पोटच्या पोराकडे करावं तसं.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, तो आधी नाही म्हणाला होता का?

मी म्हणालो, ‘आठवत नाही.’

एवढंच. दोन शब्द. त्यानं पुन्हा विचारलं नाही, माझं उत्तर लिहून घेतलं आणि पान उलटलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं का ते मला माहीत नाही, कारण मी बघितलं नाही. हौसाबाईलाही बोलावलं नाही. ती तर दारातच उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. पण मयताची बायको तिच्या फायद्याचंच बोलणार, असं ठरलं आणि विषय संपला.

निकाल अर्थात मर्जीचा लागला. शेठनी माणुसकी म्हणून लुगडं-चोळी आणि थोडी मदत दिली, सोपानचा फोटो मोठा करून दिला. खोली महिन्याअखेर सोडायची होती. हौसाबाई निघाली त्या दिवशी साहेब आणि मी फाटकावर होतो. पूर्वेकडच्या गावी तिचं काही उरलं नव्हतं. ऊसतोडीची टोळी राहुरीकडे निघाली होती, ती त्या टोळीबरोबर चालली होती. थोरलं पोर घागर घेऊन उभं होतं, तळाला डांबर लावलेली. साहेब तिला काहीतरी म्हणायला पुढे झाले.

तीच म्हणाली, ‘साहेब, त्यास्नी तुमी तीनदा इचारलं. मला कुनी येकदाबी इचारलं न्हाई.’

रागानं नाही म्हणाली. आज वार कोणता ते सांगावं तसं म्हणाली. मग पोराला पुढे घालून रस्त्यानं चालू लागली. मी त्या दिवशी जेवलो नव्हतो. साहेबांनी मला विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारणं सोडलं. कामगार हात पुढे करायचे, ते मुकाट्यानं आयोडीन लावायचे. महिन्याचा पहिला दिवस आला तेव्हा काटा रिकामाच राहिला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसं दोन महिन्यांत त्यांना राजीनामा द्यायला लावला. नोकरीची शिस्त मोडून कारखान्याविरुद्ध जबाब दिला, असं कारण होतं. त्याच आठवड्यात मी कायम झालो. आईनं गल्लीत पेढे वाटले. विहिरीला मात्र पाणी लागलं. पंप बसला, शेठच्या आईच्या नावाची फरशी लागली, फोटो निघाले. गावाची तहान भागली हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. नुसतं वाईटच झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

ते सोलापूरला परत निघाले तेव्हा मी त्यांना पोचवायला नगरच्या एसटी स्टँडवर गेलो. दुसरं कुणी आलं नव्हतं. एक ट्रंक आणि एक वळकटी. बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. त्यांनी खिशातून शेंगदाणे काढले, अर्धे माझ्या हातावर ठेवले. अंगावरचा कोट ढगळ झाला होता. वजनांच्या वहीत त्यांचं वजन कधीच लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना काट्यावर चढवणाऱ्या या माणसाला चढ म्हणणारं कुणी नव्हतं. निदान मी तरी म्हणायला हवं होतं.

गाडी लागायची होती. ते समोर बघत म्हणाले, ‘तुला खरंच आठवत नव्हतं?’

‘नाही साहेब,’ मी म्हणालो.

मी थांबलो. मला वाटलं, आता ते चष्मा पुसतील. आता पुन्हा विचारतील आणि मी पुन्हा नाही म्हणेन. मग टोपी काढून, माझ्याकडे बघून तिसऱ्यांदा विचारतील. तेव्हा मी सगळं सांगणार होतो. सोपाननं बायकोकडे कसं बघितलं ते, मॅनेजरांचा चहा, खुर्ची, सगळं. चौकशी पुन्हा लावा म्हणणार होतो. माझी पूर्ण तयारी होती. शब्द ओठांवर होते.

गाडी आली. त्यांनी ट्रंक उचलली, मी वळकटी वर चढवली. खिडकीत बसल्यावर त्यांनी टोपी नीट केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘जा आता,’ ते म्हणाले. ‘जेवून घे.’

गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत मी खिडकीकडे बघत उभा होतो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.